घाटाचा हिशेब : वाई–महाबळेश्वर–महाड–भोर सायकलफेरीची आखणी

(द्वितीय वर्ष, कला)

घाटातला रस्ता किलोमीटरमध्ये मोजावयाचा नसतो, ही गोष्ट मला प्रथम वडिलांकडून कळली आणि पुष्कळ नंतर भूगोलाच्या तासाला. वडिलांनी वीस वर्षे सायकलवरून दूध घातले. मागच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी किटल्या अडकवलेल्या असत. डेअरी किती लांब आहे असे कोणी विचारले, तर ते किलोमीटर सांगत नसत, ‘तीन चढ’ असे सांगत. त्यातला एक चढ भरल्या किटल्यांचा आणि दोन रिकाम्या किटल्यांचे, हेही सांगावयास ते विसरत नसत. स्थलनिर्देशक नकाशावरील समोच्च रेषा वाचावयास सरांनी शिकविले, तेव्हा वडिलांचा तो हिशेब मला आठवला. त्या दोन शिकवण्या एकत्र करून आम्ही चार मैत्रिणींनी एका सायकलफेरीची आखणी केली आहे. ती कशी केली आणि तिच्यात काय काय आडवे आले, ते या लेखात मांडावयाचे आहे.

फेरी अशी आहे. वाईहून पसरणीच्या घाटाने पाचगणी, तेथून महाबळेश्वर, तेथून आंबेनळी घाटाने प्रतापगडाच्या पायथ्याजवळून कोकणात पोलादपूर, तेथून महाड, महाडहून वरंधा घाटाने पुन्हा देशावर भोर आणि भोरहून मांढरदेवच्या डोंगरावरून परत वाई. नकाशावर हा सारा पसारा मुठीएवढा दिसतो. वाई आणि भोर या दोन गावांत पक्षी उडाला तर पंचवीस किलोमीटरसुद्धा भरावयाचे नाहीत. रस्त्याने मात्र एकूण फेरी दोनशे दहा किलोमीटरच्या आसपास जाते. मोटारीला हा एका दिवसाचा रस्ता आहे. सायकलीला त्यात तीन मोठे चढ आणि तीन मोठे उतार आहेत, आणि हिशेब तेथेच सुरू होतो.

उंची पाहा. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटर, पाचगणी सुमारे १२९०, महाबळेश्वर साडेतेराशेच्या वर. पोलादपूर एकदम खाली, शंभर मीटरच्या आतबाहेर, आणि महाड तर खाडीच्या काठचेच म्हणावयाचे. वरंधा घाटाचा माथा सातशे मीटरच्या घरात. भोर त्याच्याही थोडे खाली, आणि तेथून मांढरदेवचा डोंगर पुन्हा हजाराच्या वर नेतो. म्हणजे आपण एकदा सह्याद्री ओलांडून खाली उतरतो आणि दुसऱ्या वाटेने तोच सह्याद्री चढून परत येतो.

पहिला वाद झाला तो दिशेचा. माझी एक मैत्रीण म्हणाली, ‘उलट गेलो तर चढ कमी लागतील.’ असे पुष्कळांना वाटते. पण ज्या फेरीत आपण निघाल्या ठिकाणी परत येतो, तिच्यात चढाची बेरीज आणि उताराची बेरीज सारखीच असली पाहिजे, नाहीतर आपण निघालो त्या उंचीवर परत पोचलोच नाही असे होईल. दिशा उलटली की चढ उतार होतात आणि उतार चढ होतात. बेरजा सारख्याच असल्याने एकूण चढाई एका मीटरनेही बदलत नाही. हे वहीवर लिहून दाखवावे लागले. दिशेने बदलते ते एवढेच, की चढ कोठे, कोणत्या वेळी आणि किती सलग भोगावा लागतो. आणि खरी आखणी त्याचीच असते.

उलट दिशेने, म्हणजे महाडकडून महाबळेश्वरला जावयाचे ठरविले, तर पोलादपूरपासून चाळीस किलोमीटरांत बाराशे मीटरहून जास्त उंची एका दमात चढावी लागते. सरळ दिशेने तीच उंची दोन तुकड्यांत पडते. पहिल्या दिवशी वाई ते पाचगणी पावणेसहाशे मीटर आणि पुढे महाबळेश्वरपर्यंत थोडीथोडी, मग तीन दिवसांनी वरंध्याचे सातशे. मांढरदेवचा चढ दोन्ही दिशांनी जवळपास सारखाच.

दुसरा मुद्दा उन्हाचा. सह्याद्रीचा कडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. सकाळी सूर्य त्याच्या पाठीमागून येतो आणि कड्याची सावली कोकणाच्या बाजूला पडते. म्हणून पश्चिमेकडून चढावयाचा घाट सकाळी चढला तर उन्हे अंगावर येण्याआधी निम्मा चढ संपतो, आणि तोच दुपारी चढला तर कातळ तापलेला आणि ऊन समोरून, अशी दुहेरी शिक्षा होते. वरंधा आम्ही सकाळी चढणार ते यासाठी. पसरणीचा घाट पूर्वेच्या अंगाला असल्याने सकाळी तेथे ऊन असते, पण डिसेंबरात वाईची थंडी असताना त्या उन्हाची तक्रार कोणी करणार नाही.

सर्व विचारांती वाईहून पाचगणीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, ही दिशा ठरली. ती प्रदक्षिणेचीही दिशा आहे हे आजीच्या लक्षात आले, आणि घरातून निघालेल्या आक्षेपांपैकी एक आपोआप कमी झाला.

आता चढ किती अवघड हे अंदाजाने न सांगता आकड्यांनी सांगता येईल का, हे पाहावयाचे होते. विज्ञान शाखेतील एका मैत्रिणीच्या मदतीने मी ते गणित केले. मी ५० किलो, सायकल १८ किलो, सामान १० किलो, असे ७८ किलो वजन ५७० मीटर वर न्यावयाचे आहे. नुसते उचलण्यालाच सुमारे ४ लाख ३६ हजार ज्यूल काम पडते. टायर रस्त्यावर घासतो, त्याचे आणखी पाऊण लाख धरले की पाच लाखांच्या वर बेरीज जाते. रोज सायकल चालवणारे माणूस तास-दीड तास टिकवून धरील अशी शक्ती शंभर वॅट धरली, म्हणजे जुन्या पिवळ्या दिव्याएवढी, तर पसरणीचे बारा-साडेबारा किलोमीटर चढावयास सुमारे पंच्याऐंशी मिनिटे लागली पाहिजेत. वेग ताशी नऊ किलोमीटरांच्या जवळ राहतो. धावणारा माणूस आपल्याला सहज मागे टाकील.

शरीर खाल्लेल्या अन्नापैकी पाचव्या-चौथ्या हिश्शाचेच काम करून दाखवते, बाकीची उष्णता होऊन घामावाटे जाते. त्या हिशेबाने पसरणीचा घाट चढावयास साधारण साडेपाचशे कॅलरी लागतात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत जवळपास तेवढ्याच असतात. म्हणजे एक घाट बरोबर शंभर ग्रॅम शेंगदाणे! हे गणित घरी सांगितले तेव्हा आईने विचारले, की मग गूळ कशाला नेतेस? गूळ लवकर लागू पडतो आणि शेंगदाणे उशिरा, हे तिला माझ्याआधी ठाऊक होते. तिने फक्त मला ठाऊक आहे का ते तपासले.

यापुढचे गणित मात्र जरा काळजीचे निघाले. माझी सायकल आठवीत असताना घेतलेली, साधी, बिनगिअरची आहे. शाळा सहा किलोमीटर होती, एस.टी. वेळेवर नव्हती आणि मुलीला रोज सोडावयास घरात मोकळे माणूस नव्हते. ती सायकल आली नसती तर माझे शिक्षण सातवीवरच थांबले असते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. तेव्हा ही सायकल बाजूला ठेवून उसन्या सायकलीवर जावे हे मनाला पटेना. पण मनाला न पटणे हे काही गणित नव्हे. पुढच्या चक्राचे दाते मी खडूने खूण करून मोजले, ते ४४ भरले. मागच्या फ्रीव्हीलचे १८. चाकाचा घेर २ मीटर ७ सेंटिमीटर. म्हणजे पायडलचा एक पूर्ण फेरा झाला की सायकल पाच मीटर पुढे जाते. ताशी नऊ किलोमीटर वेगाला मिनिटाला तीसच फेरे पडतात. इतक्या संथ फेऱ्यांत प्रत्येक वेळी पायडलवर सारे वजन टाकून उभे राहावे लागते, आणि गुडघे त्याची किंमत वसूल करतात. गिअरच्या सायकलीला पुढे २८ आणि मागे २८ दाते जुळविता आले, तर एका फेऱ्यात सायकल दोनच मीटर सरकते, पण मिनिटाला सत्तरच्या आसपास फेरे पडतात आणि पाय हलके चालतात. काम तेवढेच राहते, फक्त ते लहान लहान हप्त्यांत फेडले जाते. ज्यांच्या घरी कर्ज आहे त्यांना हप्त्याचा अर्थ वेगळा समजावून द्यावयास नको.

बाजारातल्या सायकल दुरुस्तीवाल्या काकांनी यावर मधला मार्ग काढून दिला. मागे १८ ऐवजी २२ दात्यांचे फ्रीव्हील बसविले आणि चेन दोन कड्यांनी वाढविली. आता फेरे तिसावरून छत्तीसवर आले. फार नाही, पण चढावर जाणवते. जुन्या फ्रीव्हीलवर मी एका रविवारी पसरणीचा घाट चढून पाहिला होता, तेव्हा दोन तास दहा मिनिटे लागली आणि दोन ठिकाणी उतरून चालावे लागले. नव्यावर पावणेदोन तास लागले आणि एकदाच उतरावे लागले. चढावर सायकल हातात धरून चालण्यात कमीपणा आहे असे काही मुलांना वाटते. वडिलांना ते कधी वाटले नाही. किटल्या सांडण्यापेक्षा चाललेले बरे, असा त्यांचा साधा हिशेब होता.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, की हे घाट चढता येतात याचे श्रेय निम्मे रस्त्याचेच आहे. पायवाट आणि गाडीरस्ता यांत मूळचाच फरक असतो. महाबळेश्वरहून पारकडे उतरणारी जुनी वाट आहे, तिला रडतोंडीचा घाट म्हणतात. अफझलखानाचे सैन्य १६५९ मध्ये त्या बाजूने जावळीच्या खोऱ्यात उतरले. नावातच त्या वाटेचा चढ कळतो. माणूस आणि घोडे असे काहीही चढतात, पण भरलेली बैलगाडी एका मर्यादेपलीकडे चढत नाही. इंग्रजांनी गाड्यांसाठी घाट बांधले तेव्हा रस्ता वळणे घेत घेत लांब केला आणि चढ कमी केला. साधारण वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, हे प्रमाण डोंगरी रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांतही आहे. अवघड जागी ते थोडे वाढवतात. पसरणीचा घाट पायथ्याच्या सपाटीचे अंतर वजा करून मोजला तर त्याच प्रमाणाच्या थोडा पुढेमागे बसतो. जो चढ बैलांना झेपावा म्हणून आखला, तो दीडशे-दोनशे वर्षांनी माझ्या सायकलीला झेपतो. नागमोडी वळणे पाहून पूर्वी मला वाटे, की सरळ रस्ता का केला नाही? आता त्यातले एकही वळण मला जास्त वाटत नाही.

या रस्त्यांवरील गावेही त्याच काळाची आणि त्याच कारणाची आहेत. सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, १८२८-२९ च्या सुमारास, साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी करार होऊन महाबळेश्वरची गोऱ्या लोकांची आरोग्यवसाहत उभी राहिली. त्या पेठेला माल्कमपेठ असे नाव पडले. पाचगणी ही त्यानंतरची. जॉन चेसन नावाच्या इंग्रजाने १८६० च्या दशकात तिची वाढ केली आणि परदेशी झाडे लावली. आज जे सिल्व्हर ओक आपण पाचगणीची ओळख म्हणून पाहतो ते त्यातलेच. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांमधली म्हणून ती पाचगणी. मुंबईच्या उकाड्यातून साहेब वर यावयाचा म्हणून रस्ता हवा होता, आणि रस्ता झाला म्हणून खालच्या गावांतली भाजी, दूध आणि माणसे वर जाऊ लागली. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी घरांचा संसार त्या चढावर चालला आहे. महाबळेश्वर म्हणजे स्ट्रॉबेरी आणि पॉइंट्स, असे सहलीत कळते. सायकलीवरून जाताना ते एवढ्या उंचीवर बसलेले बाजारपेठेचे गाव आहे असे कळते, कारण खालून जे जे वर नेले जाते ते सारे आपल्या शेजारून धापा टाकीत जात असते.

वाटेत पाचगणी सोडल्यावर मुख्य रस्त्यापासून थोडे आत भिलार आहे. ४ मे २०१७ रोजी तेथे ‘पुस्तकांचे गाव’ सुरू झाले. गावातल्या घरांतून मराठी पुस्तके ठेवलेली असून कोणीही बसून वाचू शकतो. पहिल्या दिवसाचे अंतर बत्तीस किलोमीटरच असल्याने दुपारचे दोन तास मी तेथे राखून ठेवले आहेत. त्याला मैत्रिणींचा विरोध आहे. त्यांना वेण्णा तलाव हवा आहे. तो प्रश्न पाचगणीत पोचल्यावर सोडवू.

ऋतूचा विचार थोडक्यात सांगते. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून तीस किलोमीटरवरच्या वाईला हजाराच्याही आत. पावसाळ्यात या घाटांनी सायकल न्यावयाचा विचारही करू नये. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात बस दरीत कोसळून तीसहून अधिक माणसे गेली. २०१६ मध्ये २ ऑगस्टच्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा इंग्रजकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला, त्याच्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्या गेल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड आली आणि त्याच पावसात आंबेनळीचा रस्ता जागोजागी तुटला. या तारखा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवल्या आहेत, कारण घरच्यांना कधी ना कधी त्या आठवणार आणि तेव्हा मला उत्तर देता आले पाहिजे. उत्तर असे, की आम्ही डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, सोमवार ते शुक्रवार जाणार. तेव्हा पाऊस नसतो, नाताळची गर्दी सुरू झालेली नसते, आणि मांढरदेवच्या काळूबाईची पौष पौर्णिमेची यात्रा पुढे असते. २५ जानेवारी २००५ रोजी त्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन तीनशेच्या आसपास भाविक दगावले. त्या दिवसांत तो रस्ता सायकलीचा नव्हेच. डिसेंबरात शाळांच्या सहलींच्या गाड्या प्रतापगडाला रांगेने लागतात, ही एक अडचण उरते. तिला उपाय म्हणजे आठच्या आत घाटात असणे.

दुसरा दिवस उतरणीचा, आणि मला सर्वांत जास्त भीती त्याचीच वाटते. चढावर माणूस फार तर दमते, थांबते. उतारावर थांबता आले नाही तर संपले. बाराशे मीटर खाली उतरताना आपल्या ७८ किलो वजनातून नऊ लाख ज्यूलहून अधिक ऊर्जा मोकळी होते. काही वाऱ्यात आणि टायरमध्ये जिरते, उरलेली ब्रेकच्या रबरात आणि चाकाच्या कडीत. एवढ्या उष्णतेत तीन लिटर पाणी उकळेल. म्हणून ब्रेक सतत दाबून धरावयाचा नाही. वळणाआधी दोन्ही ब्रेक एकदम घट्ट लावून वेग तोडावयाचा, मग सोडून कडी गार होऊ द्यावयाची, आणि दर तीन-चार किलोमीटरांवर थांबून कडीला हात लावून पाहावयाचा. सळईचे ब्रेक असलेली सायकल या फेरीत घ्यावयाची नाही, हा एकच नियम आम्ही मताला न टाकता केला. माझ्या सायकलीला सळईचेच ब्रेक होते. ते काढून वायरचे बसविले, त्यात फ्रीव्हीलपेक्षा जास्त पैसे गेले. वडिलांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘चढ दिसला की मी उतरायचो, उतार दिसला की त्याच्याही आधी उतरायचो.’ आंबेनळीची पहिली तीव्र वळणे आम्ही चालत उतरणार आहोत.

मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी वाडा-कुंभरोशीला उसंत मिळते. जानेवारी १६५६ मध्ये जावळी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी मोरोपंत पिंगळे यांच्याकडून हा किल्ला बांधून घेतला. पुस्तकात तो अफझलखानाच्या प्रसंगासाठी येतो, पण सायकलीवरून तेथे पोचणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो जागेचा. देशावरून कोकणात उतरणाऱ्या पार घाटाच्या वाटेवर नजर ठेवील अशी जागा निवडलेली आहे. म्हणजे जो रस्ता आम्ही सोपा म्हणून निवडला, तोच व्यापाऱ्यांनी आणि सैन्यांनी निवडला होता, आणि किल्ला त्याच्यावर बसला. नकाशावर घाट आणि किल्ले दोन रंगांत काढून पाहिले तर हे चटकन दिसते. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी एकदा करून पाहावे.

पोलादपूरपासून महाड हा अठरा-वीस किलोमीटरांचा तुकडा मुंबई–गोवा महामार्गाचा आहे. तो सपाट आहे आणि मला आवडत नाही. तेथे चौघींनी एकामागे एक, कडेने, पाठीवर चमकत्या पट्ट्या लावून, न बोलता जावयाचे, एवढेच.

महाडच्या मुक्कामावरून आमच्यात दुसरा वाद झाला. दोघींचे म्हणणे, इतके आलो तर रायगड केलाच पाहिजे. ६ जून १६७४ रोजी जेथे राज्याभिषेक झाला तो गड महाडपासून पंचवीस किलोमीटरवर आहे. पण जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर आणि वर गडाची चढण, म्हणजे सबंध एक दिवस आणि दुसऱ्या दिवशी वरंध्यासाठी पायांत काही उरणार नाही. रायगड वेगळा करावा, एस.टी.ने करावा, पण घाईने करू नये असे माझे मत पडले. महाडची अर्धी सकाळ मी चवदार तळ्यासाठी मागितली.

सायकलफेरीच्या आखणीत पाणी हा पहिला विषय असतो. चढावर एका माणसाला तासाला अर्धा ते एक लिटर पाणी लागते. कोठे भरावयाचे, कोणत्या गावात विहीर, कोणत्या देवळापाशी नळ, हे सारे मी कागदावर लिहीत होते. दुपारी तहानेने जीव कासावीस झालेला असताना अनोळखी गावात पहिल्या दारात पाणी मागता येते आणि ते मिळते, हे त्या कागदात मी गृहीतच धरले होते. महाडचे नाव लिहिताना हात थांबला. या गावातले सार्वजनिक तळे १९२४ मध्ये नगरपालिकेने ठरावाने सर्वांना खुले केले होते, तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांबरोबर चालत जाऊन तेथले पाणी ओंजळीत घ्यावे लागले, आणि त्यानंतर मारहाण झाली. कोर्टातला दावा पुढे दहा वर्षे चालून १९३७ मध्ये हायकोर्टात निकालात निघाला. त्या परिषदेला लोक लांबून, गावोगावच्या वाटा तुडवीत आले होते. त्यांच्या फेरीत पाण्याची सोय कोणी आखून दिलेली नव्हती. माझ्या कागदावर वीस ठिकाणी ‘येथे पाणी मिळेल’ असे लिहिले आहे. महाडला ‘येथे थांबणे’ असे लिहिले. मैत्रिणींनी यावर वाद घातला नाही.

त्याच दिवशी दुपारनंतर बिरवाडीच्या पुढे, वरंधा घाटाच्या पायथ्याच्या गावापर्यंत जाऊन राहावयाचे. ही व्यवस्था एका मैत्रिणीच्या मावशींकडे झाली आहे. चौथा दिवस सर्वांत कठीण म्हणून तो पायथ्यापासून सुरू करणे भाग होते. महाडहून निघालो असतो तर पहिले वीस किलोमीटर अंधारात गेले असते किंवा घाट उन्हात आला असता. डिसेंबरात सातच्या सुमारास उजाडते आणि सहाला मावळते. अकरा तास हातात असतात. त्यांपैकी शेवटचे दोन आम्ही नसल्यासारखेच धरले आहेत. चार मुलींनी अंधार पडण्याआधी ठरल्या दारात असावयाचे, ही अट घरांनी घातली खरी, पण ती घातली नसती तरी पंक्चर काढण्यासाठी दोन तास शिलकीत हवेतच. मुलांना ही अट नसते, म्हणून त्यांच्या आखणीत शिलक नसते, असे माझे निरीक्षण आहे. ते रागाने सांगत नाही.

वरंध्याच्या घाटात वाघजाईचे देऊळ आहे. तेथे चहा-भजीच्या टपऱ्या आहेत आणि माकडे आहेत. सामानाच्या पिशव्यांची तोंडे तेथे पोचण्याआधी बांधून घ्यावीत. माथ्यावरून पुढे नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने रस्ता भोरकडे जातो. हा टप्पा लांब आहे, वस्ती विरळ आहे आणि पुष्कळ ठिकाणी मोबाइलला रेंज नाही. आईने संध्याकाळी फोन करण्याचे कबूल करून घेतले आहे. मी तिला त्या दिवशी दुपारपर्यंत फोन लागणार नाही हे आधीच सांगून ठेवले, वेळ लिहून दिली, आणि भोरहून फोन किती वाजेपर्यंत आला नाही तर कोणाला कळवावयाचे तेही लिहून दिले. हे ऐकून ती घाबरेल असे वाटले होते. उलट त्यानंतरच ती जाऊ देण्याविषयी बोलू लागली.

वरंधा घाट पावसाळ्यात प्रशासन बंद ठेवते, आणि रुंदीकरणाच्या कामासाठीही मधूनमधून वाहतूक थांबविली गेली आहे. म्हणून निघण्याआधी आठवडाभर आणि पुन्हा महाडला पोचल्यावर चौकशी करावयाची. बंद असला तर दुसऱ्या घाटाने जाण्याचा हट्ट करावयाचा नाही. चारही सायकली टेम्पोत घालून आल्या वाटेने वाईला परतावयाचे. त्या भाड्याचे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवले आहेत आणि त्यांना हात लावावयाचा नाही. खर्चाच्या अंदाजात सर्वांत मोठा आकडा या न वापरावयाच्या पाकिटाचाच आहे.

पाचव्या दिवशी भोर ते वाई चाळीस किलोमीटर. हमरस्त्याने शिरवळ आणि खंबाटकी घाट अशीही वाट आहे, पण ट्रकांच्या रांगेत चढण्यापेक्षा आंबाडखिंडीने मांढरदेववर चढलेले बरे. चढ मोठा आहे आणि पाय दमलेले असतील. चालावे लागले तर चालू. माथ्यावरून वाईचे खोरे आणि पलीकडे पाचगणीचे टेबललँड समोर दिसते, म्हणजे पहिल्या दिवशी जेथे चढलो ती जागा.

घरातल्या एका आक्षेपाला मात्र माझ्या आकड्यांत उत्तर सापडले नाही. वडिलांनी दोन वर्षांपूर्वी जुनी मोटारसायकल घेतली त्या दिवशी दूध घालावयाची सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकवली, ती तेथेच आहे. त्यांच्या लेखी सायकल म्हणजे ज्यातून सुटावयाचे ती गोष्ट. मुलगी बी.ए. करते आणि हौसेने घाट चढावयास सायकल काढते, हे त्यांना नीट उमगत नाही, आणि मीही त्यांना ते नीट समजावून सांगू शकलेले नाही. चढाचे आकडे दाखविले तेव्हा त्यांनी कागद घेऊन सबंध वाचला आणि विचारले, की सामान दहा किलो धरलेस त्यात पंप आणि हत्यारे धरलीस का? धरली नव्हती. त्यांनी गोठ्यातल्या सायकलीचा पंप, पाना आणि जुन्या ट्यूबचे तुकडे काढून दिले. ते सारे पावणेदोन किलो भरले. पसरणीवर त्याने फार तर दोन मिनिटे वाढतील.

जिमखान्याकडे अर्ज दिलेला आहे. तिघींच्या सायकलींची तपासणी झाली आहे. चौथीसाठी वायरचे ब्रेक असलेली, शक्यतो गिअरची सायकल पाच दिवसांसाठी हवी आहे. कोणाकडे असल्यास त्यांनी ग्रंथालयाच्या फलकाखाली निरोप ठेवावा. परत करताना टायर आणि ब्रेकची रबरे नवी घालून देऊ.